भिजलेला साबुदाणा आणि तापीचा पूर

आषाढात सातपुड्यावर पाऊस लागला की कळसाडीच्या शिवारातलं पाणी उताराला लागतं. शेतातून ओहोळात, ओहोळातून नाल्यात, नाल्यातून लहान नदीत आणि शेवटी तापीत, हा नंदुरबार जिल्ह्यातल्या या पट्ट्याचा ठरलेला रस्ता. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावणारी तापी सुरतेजवळ समुद्राला मिळेपर्यंत 724 किलोमीटर वाहते. गोमाई जिथे तिला मिळते त्या प्रकाशाच्या घाटावर उभं राहून पुराकडे पाहिलं तर काटक्या, पालापाचोळा, फेस, एखादं मुळासकट उपटून आलेलं झाड, एवढंच दिसतं. त्याच चहाच्या रंगाच्या पाण्यातून माशांची अंडीही चाललेली असतात. ती नितळ असतात, गढूळ पाण्यात डोळ्यांना सापडत नाहीत.

मत्स्यबीज केंद्रात मात्र ती निवांत बघायला मिळतात. रोहू किंवा कटल्याच्या मादीने सोडलेलं अंडं सुरुवातीला मोहरीच्या दाण्याएवढं असतं. फलन झालं की ते पाणी शोषायला लागतं आणि बघता बघता फुगून चार-पाच मिलिमीटरचं होतं. चार-सहा अंडी तळहातावर घेतली तर ती रात्रभर भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखी दिसतात: गोल, पारदर्शक, मऊ, आणि आत एक बारीकसा ठिपका. तो ठिपका म्हणजे गर्भ. भोवतीची सगळी फुगवट म्हणजे पाणी आणि त्याला धरून ठेवणारं पातळ आवरण.

साबुदाण्याची ही उपमा दिसण्याच्या पलीकडेही कामाची आहे. पातेलंभर पाण्यात भिजलेला साबुदाणा टाकून पळीने ढवळत राहिलं तर दाणे पाण्यात सगळीकडे फिरत राहतात. पळी थांबली की ते हळूहळू खाली बसतात. माशाचं अंडं साबुदाण्यापेक्षा कितीतरी हलकं, पण पाण्यापेक्षा किंचित जड. उभ्या पाण्यात ते सेकंदाला साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर या गतीने खाली जातं. म्हणजे तीन मीटर खोल, संथ डोहात पाच ते दहा मिनिटांत तळाला. तळाला गाळ असतो. गाळात रुतलेल्या अंड्याला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि आतला ठिपका मरतो.

म्हणून मत्स्यबीज केंद्रात गोल टाकी असते. तिला सगळे 'चायनीज हॅचरी' म्हणतात, कारण ही रचना चीनमधून आली. टाकीच्या तळाशी तिरक्या तोंडाच्या तोट्या बसवलेल्या असतात, त्यांतून पाणी एकाच दिशेने सुटतं आणि टाकीतलं पाणी रात्रंदिवस गोल फिरत राहतं. लाखो अंडी त्याच्याबरोबर फिरतात. सत्तावीस-अठ्ठावीस अंश तापमानाला रोहू-कटल्याची अंडी चौदा ते अठरा तासांत फुटतात. पिलं बाहेर पडली तरी लगेच पोहू शकत नाहीत, तीही पाण्याबरोबर फिरतात. 72 तासांच्या आसपास पोटाखालची बलकाची पिशवी संपत आली की त्यांना 'जिरे' म्हणतात, कारण ती जिऱ्याच्या दाण्याएवढीच असतात. पुढे वाढून ती बोटुकली होतात. या तीन दिवसांत वीज गेली आणि पंप बंद पडला तर केंद्रातली माणसं अंधारातही टाकीकडे धाव घेतात. पाणी थांबल्यावर अंडी खाली बसायला फार वेळ लागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

ती गोल टाकी म्हणजे वेटोळं घालून ठेवलेली नदी आहे. टाकीत अंडं तिथल्या तिथे फिरतं. नदीत त्याच वेळात ते कितीतरी किलोमीटर पुढे गेलेलं असतं. नेमकं किती पुढे, आणि फुटेपर्यंत ते तरंगत राहतं की मधेच कुठे तळ गाठतं, या दोन प्रश्नांभोवती गेल्या काही वर्षांत एक नवं शास्त्र उभं राहिलं आहे. परक्या माशाला नदीत बस्तान बसवता येईल का, हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

परका मासा म्हटलं की महाराष्ट्रात आधी चिलापीचं नाव निघतं, आणि ते बरोबरच आहे. 1952 साली भारतात आणलेल्या या तिलापियाने उजनीसारखी धरणं व्यापली. पण चिलापीला वाहत्या पाण्याची गरजच नाही. तिची मादी अंडी तोंडात धरून उबवते. 1939 मध्ये निलगिरीत आणि पुन्हा 1957 मध्ये बँकॉकहून आणलेला सायप्रिनस आपली चिकट अंडी पाणवनस्पतींना चिकटवतो. काचपेट्यांतून नद्यांत पोचलेला सकर काठाच्या मातीत बीळ करून त्यात अंडी घालतो. या तिघांसाठी प्रवाहाचं गणित मांडून काही हाती लागणार नाही.

गणित लागतं ते चंदेरा आणि गवत्या या दोघांसाठी. चंदेरा म्हणजे सिल्व्हर कार्प, गवत्या म्हणजे ग्रास कार्प. दोघंही चीनच्या मोठ्या नद्यांचे. दोघंही 1959 साली भारतात आले, चंदेरा जपानहून आणि गवत्या हाँगकाँगहून. एक पाण्यातलं शेवाळासारखं सूक्ष्म अन्न गाळून खातो, दुसरा पाणगवत. त्यामुळे कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस यांच्या जोडीला हे दोघं तळ्यात सोडायची पद्धत देशभर रुजली, आणि तिने मत्स्यशेतकऱ्याला चार पैसे मिळवून दिले हे मान्य करायला हवं.

हे मासे तळ्यात आपणहून अंडी घालत नाहीत. आपले रोहू-कटलाही घालत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्पजातीच्या माशाला बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली, आणि त्या दिवसाची आठवण म्हणून 10 जुलै हा मत्स्यशेतकरी दिन झाला. त्याआधी देशाचं बहुतेक मत्स्यबीज नदीतूनच यायचं. पुराच्या पाण्यात निमुळती जाळी लावून कोळी वाहतं बीज गोळा करायचे. बांगलादेशात चट्टग्रामजवळच्या हालदा नदीत ही रीत आजही चालू आहे. पहिल्या पावसाच्या गडगडाटात तिथले कोळी होड्या काढतात, रोहू-कटल्याची ताजी अंडी नदीतून उचलतात आणि काठावरच्या मातीच्या खड्ड्यांत उबवतात. कोणत्या वळणावर अंडी घातली जातात आणि किती वेळाने ती कुठे येतात, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने माहीत असतं. संगणकाला हीच माहिती आकड्यांतून मिळवावी लागते.

तळ्यात पैदास होत नाही म्हणून चंदेरा निरुपद्रवी, अशी त्या काळी पुष्कळांची समजूत होती. ती खोटी ठरली हिमाचल प्रदेशात. भाक्रा धरणामागच्या गोविंदसागरात 1971 च्या सुमारास चंदेरा चुकून शिरला. धरणाच्या वरच्या अंगाला सतलज वाहती होती. वाहतं पाणी मिळालं, खाली अंडी-पिलांना सामावून घेणारा विस्तीर्ण जलाशय मिळाला, आणि पुढच्या दोन दशकांत गोविंदसागरच्या जाळ्यांत सर्वांत जास्त चंदेराच येऊ लागला. त्याच्याशी अन्नासाठी स्पर्धा असलेला कटला मागे हटला. हा धडा तापीकाठाने नीट वाचायला हवा, कारण वरती वाहती नदी आणि खाली मोठा जलाशय ही जोडी इथेही आहे. उकाईचं धरण 1972 मध्ये पूर्ण झालं, आणि ते भरलं की त्याचा फुगवटा नंदुरबार जिल्ह्यात शिरतो.

या प्रश्नाचं गणित सर्वांत तपशिलात मांडलं गेलं ते मात्र अमेरिकेत. तिथे गवत्या 1963 मध्ये आला, चंदेरा आणि त्याचा भाऊबंद बिगहेड 1970 च्या दशकात. तळी साफ ठेवायला आणलेले हे मासे मिसिसिपीच्या खोऱ्यात सुटले आणि इलिनॉय नदीत त्यांची अशी दाटी झाली की होडीच्या इंजिनाच्या आवाजाने चंदेरे पाण्याबाहेर उड्या मारून माणसांवर आदळू लागले. पुढे 'ग्रेट लेक्स' ही महासरोवरं होती. तिथे ते पोचू नयेत म्हणून शिकागोजवळच्या कालव्यात पाण्यातून वीजप्रवाह सोडणारे अडथळे उभारले गेले. पण एखादी जोडी पलीकडे पोचलीच, तर महासरोवरांना मिळणाऱ्या कोणत्या नदीत तिची अंडी जगतील? प्रत्येक नदीवर पहारा ठेवणं शक्य नव्हतं. इलिनॉय विद्यापीठाच्या तातियाना गार्सिया यांनी अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यातल्या सहकाऱ्यांसह 'फ्लूएग' नावाची संगणक प्रणाली तयार केली. तिच्यावरचा शोधनिबंध 2013 मध्ये आला.

वाहत्या पाण्याचा अभ्यास दोन तऱ्हांनी करता येतो. काठावर एका जागी बसून समोरून जाणारं पाणी मोजायचं, ही एक. पाण्याच्या एखाद्या कणाबरोबर स्वतः निघायचं आणि तो जाईल तिथे जायचं, ही दुसरी. या दुसऱ्या तऱ्हेला अठराव्या शतकातल्या लग्रांज या गणितज्ञाचं नाव आहे. फ्लूएग याच वाटेने जाते. संगणकात हजारो काल्पनिक अंडी एका ठिकाणी नदीत सोडली जातात आणि काही सेकंदांच्या प्रत्येक टप्प्यावर एकेका अंड्याला तीन गोष्टी लागू होतात. प्रवाह त्याला पुढे नेतो. वजन त्याला खाली ओढतं. आणि पाण्यातली घुसळण त्याला कधी वर, कधी खाली, कधी बाजूला ढकलते.

यातली पहिली गोष्ट सोपी वाटते, पण नदी सगळीकडे सारख्या वेगाने वाहत नाही. पृष्ठभागाजवळ पाणी वेगात असतं, तळाशी दगड-वाळूला घासून मंद होतं, काठालाही मंद होतं. त्यामुळे एकाच वेळी सोडलेली अंडी एकत्र राहत नाहीत. काही वरच्या पाण्यातून पुढे निघून जातात, काही तळाजवळ रेंगाळतात, आणि अंड्यांचा थवा लांबत जातो. दुसरी गोष्ट वेळेप्रमाणे बदलते: नुकतं घातलेलं अंडं लहान आणि दाट असतं, चटकन खाली जातं. फुगल्यावर त्याची पाण्याशी जवळजवळ बरोबरी होते. म्हणून पहिला तास सर्वांत धोक्याचा, आणि हे मासे अंडी घालायला खळाळतं, उसळतं पाणी का शोधतात ते इथे कळतं. तिसऱ्या गोष्टीचं तंतोतंत भाकीत करता येत नाही. घुसळण अंड्याला कोणत्या क्षणी कुठे ढकलेल हे सांगणं अशक्य, म्हणून संगणक प्रत्येक टप्प्यावर जणू फासे टाकतो. मात्र घुसळण एकूण किती जोरदार आहे हे खोली, वेग आणि तळाच्या खडबडीतपणावरून काढता येतं, तेव्हा फासे त्या मापाचे असतात. एका अंड्याचा मार्ग अशा हिशेबाने कळणार नाही. हजारो अंड्यांपैकी किती तरंगत राहतील, हे बऱ्यापैकी कळतं.

सगळ्यावर घड्याळ असतं तापमानाचं. थंड पाण्यात गर्भ सावकाश वाढतो, कोमट पाण्यात भराभर. अंडं कधी फुटणार ते त्यावर ठरतं, आणि तोवर ते पाण्यात टिकलं पाहिजे.

या गणिताने एक जुना समज मोडला. अशा माशांना शंभरेक किलोमीटर मोकळी, वेगवान नदी लागतेच, असं मानलं जायचं. मिशिगन आणि ईरी सरोवरांना मिळणाऱ्या चार नद्यांची प्रत्यक्ष मोजणी केल्यावर लक्षात आलं की सेकंदाला 15 ते 25 सेंटिमीटर एवढा वेगही अंड्यांना वर धरून ठेवू शकतो आणि सुमारे 25 किलोमीटर लांबीचा पट्टाही पुरू शकतो. लहान म्हणून यादीतून वगळलेल्या नद्या एकदम यादीत आल्या.

त्या चारांपैकी ओहायो राज्यातली सँडस्की नदी पुढे खरोखरच गाजली. 2012 मध्ये तिच्यात चार लहान गवत्ये सापडले. माशाच्या कानात एक बारीक खडा असतो, त्यावर झाडाच्या खोडासारखी वाढीची वलयं असतात आणि मासा ज्या पाण्यात वाढला त्या पाण्याची रासायनिक खूण त्यांत राहते. त्या खुणेवरून हे चारही मासे तळ्यातून निसटलेले नसून नदीतच जन्मलेले आहेत, असा निष्कर्ष निघाला. 2015 च्या पुरात संशोधकांच्या बारीक जाळीत प्रत्यक्ष अंडी आली, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच. पण एक अंडंही पुष्कळ बोलतं. सूक्ष्मदर्शकाखाली गर्भ वाढीच्या कोणत्या पायरीवर आहे ते दिसतं. पाण्याचं तापमान माहीत असलं की त्यावरून अंड्याचं वय तासांत काढता येतं. वय आणि प्रवाहाचा वेग कळला की संगणकाला नदी उलटी वाहवता येते आणि अंडं कुठून निघालं तिथपर्यंत मागे जाता येतं. जाळी टाकून मोठे मासे काढणाऱ्यांना त्यामुळे नेमकी कुठे आणि कोणत्या पुरात जायचं ते कळलं.

चीनमध्ये हाच हिशेब उलट हेतूने केला जातो. यांगत्से नदीवर तीन घाटींचं धरण झाल्यापासून हेच मासे तिथे, त्यांच्या स्वतःच्या घरी, कमी होत गेले. 2011 पासून उन्हाळ्याच्या सुरुवातीला धरणातून मुद्दाम काही दिवस वाढतं पाणी सोडतात, खाली छोटा पूर यावा आणि माशांनी अंडी घालावीत म्हणून. अंडं तेच, गणित तेच. एका देशाला ते बुडायला हवं आहे आणि दुसऱ्याला तरंगायला.

तापीत या दोन्ही इच्छा एकाच पाण्यात आहेत. रोहू, कटला, मृगळ यांचं मूळ घर उत्तरेकडच्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत मानतात, पण आज ते इथल्या मच्छिमार संस्थांच्या पोटापाण्याचे मासे आहेत आणि त्यांचं अंडं चंदेऱ्यासारखंच वाहतं. पुराबरोबर वर निघणारे इथले मूळ चढणीचे मासे त्यांच्याही आधीपासूनचे. आणि आसपासच्या गावतळ्यांत, शेततळ्यांत वाढवलेले चंदेरे आणि गवत्ये सांडव्यावरून पाणी गेलं की ओहोळाला लागतात. कळसाडीकडून तापीला जाणारं पाणी ज्या वाटेने जातं, तीच त्यांचीही वाट.

पुढचं गणित वहीवरही मांडता येतं. पावसाळ्यात तापीचं पाणी कोमट असतं, तेव्हा अंडं फुटायला अठरा तास धरू. पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने चाललं असेल तर अठरा तासांत ते सुमारे 65 किलोमीटर जाईल. अर्धा मीटर वेगाला 32 किलोमीटर. पाव मीटर वेगाला अवघे 16. कोमट पाणी अंड्याचा प्रवास आखूड करतं, म्हणून अमेरिकेच्या थंड नद्यांतला 25 किलोमीटरचा आकडा इथे आणखी खाली उतरू शकतो. शहादा तालुक्यात तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा ही दोन बॅरेज आहेत. नकाशावर सरळ रेघ ओढली तर त्यांच्यात वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर भरतं. सारंगखेड्याच्या वर धुळे जिल्ह्यात सुलवाडे. प्रकाशाच्या खाली उकाईचा फुगवटा.

बॅरेज म्हणजे दारांचं धरण. दारं बंद असली की नदीचे लांबट तलाव होतात, एकापुढे एक. पूर आला की दारं उचलतात आणि काही आठवडे तापी पुन्हा सलग नदी होते. हे आठवडे नेमके माशांच्या विणीचे असतात. म्हणून दारं कधी वर गेली, किती दिवस वर राहिली आणि कधी खाली आली, या नोंदी केवळ पाटबंधाऱ्याच्या नाहीत, त्या माशांच्याही आहेत, आणि त्या तशा वाचल्या गेल्या पाहिजेत. संथ फुगवट्यात अंडं बुडतं. मात्र फुटून, तीन-चार दिवस वाहून, पोहण्याएवढं झालेलं पिलू त्याच फुगवट्यात पोचलं तर त्याला तिथे अन्न आणि आसरा मिळतो. एकच जलाशय काही तासांच्या फरकाने कबर होतो किंवा पाळणा.

म्हणून तापीत काय सोडायचं हे ठरवताना मत्स्यबीजाच्या लाखांच्या आकड्यांइतकाच नदीच्या वेगाचा आकडा टेबलावर असायला हवा. तो मिळवणं अवघड नाही. पुरात ठरावीक अंतरावर वेग, खोली आणि तापमान मोजायचं, आणि पाण्यात शंकूसारखी बारीक जाळी ठरावीक वेळ धरून ठेवायची. जाळीच्या टोकाशी जमलेला गाळ पांढऱ्या ताटलीत ओतून स्वच्छ पाणी घालत गेलं की काडीकचऱ्यातून पारदर्शक दाणे वेगळे दिसायला लागतात. रोहूचं अंडं कोणतं आणि चंदेऱ्याचं कोणतं, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणं कठीण. त्यासाठी प्रयोगशाळेत जनुकांची तपासणी करावी लागते, आणि मुंबईला वर्सोव्यात केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेसारखी संस्था महाराष्ट्रातच आहे. जाळी धरायला तापीकाठच्या कोळ्यांइतकी नदी ओळखणारी माणसं दुसरी मिळायची नाहीत. वळणावर पाणी कुठे घुसळतं आणि कुठे निवतं, ते यंत्र लावायच्या आधीच बोट दाखवून सांगतात.

भाद्रपद सरता सरता पाऊस ओसरतो. तापीचा चहासारखा रंग फिकट होत जातो आणि एक दिवस प्रकाशाची दारं खाली येतात. वरच्या अंगाचं पाणी तासातासाने मंदावतं. उशिराच्या एखाद्या पावसात, वरच्या खळाळात आदल्या रात्री घातलेली अंडी अजून वाटेत असतात. त्यांच्या आतला ठिपका लांबट झालेला असतो, शेपटी हलायला लागलेली असते. फुटायला अजून चार-पाच तास हवे असतात.